टर्बो आणि इंजेक्टर बदलूनही ट्रकची ओढ परत न आल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
(ट्रक उत्पादक कंपनी)

विषय : निदान न करता महागडे सुटे भाग बदलल्याबद्दल, घेतलेली रक्कम परत मिळण्याबद्दल आणि जुने भाग ताब्यात मिळण्याबद्दल.

महोदय,

मी लातूर येथे राहतो. आपल्या कंपनीचा दहा चाकी, बीएस-४ श्रेणीचा, कॉमन रेल (म्हणजे ‘रेल’ या एकाच नळीत दाबाखाली डिझेल ठेवून ते सर्व सिलिंडरना देणाऱ्या) डिझेल इंजिनाचा एकच ट्रक माझ्याकडे आहे, तो मी स्वतः चालवतो आणि माझ्या घराचा चरितार्थ त्यावरच चालतो. जालन्याहून सळई लातूरला आणणे आणि परतीला डाळ किंवा सोयाबीनची पेंड नेणे हा माझा नेहमीचा धंदा आहे. गाडी ७ लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली आहे, आणि आजवरची प्रत्येक नियमित सर्व्हिसिंग आपल्याच अधिकृत सेवा केंद्रात झाल्याच्या नोंदी आपल्या संगणकात असतीलच.

बीड सोडल्यावर मांजरसुंब्याचा घाट लागतो. भरलेली गाडी हा चढ पूर्वी ज्या गिअरवर चढत असे, त्याच्या दोन गिअर खाली यावे लागू लागले. रिकाम्या गाडीला काहीच त्रास नव्हता. सपाट रस्त्यावर भरलेली गाडीही बरी चालत असे. मात्र चढावर ॲक्सिलेटर पूर्ण दाबून काही वेळ गेला की गाडी एकदम दम सोडायची आणि इंजिनाचा इशारा देणारा पिवळा दिवा लागायचा. गाडी बाजूला घेऊन चावी बंद करून थोड्या वेळाने पुन्हा सुरू केली, की पहिले काही अंतर ती पूर्वीसारखी ओढायची आणि मग पुन्हा तोच प्रकार. या सगळ्यात धूर काळा झाला नाही, पाण्याचे तापमान वाढले नाही आणि ऑइल कमी झाले नाही. मी ही सर्व लक्षणे आपल्या सेवा केंद्रातील सल्लागारांना क्रमाने सांगितली होती. जॉब कार्डवर त्यांनी लिहिले ते एवढेच : ‘पिकअप कमी’.

माझी पहिली हरकत इथेच आहे. टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, हवा कमी देत असेल किंवा ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप फुटला असेल, तर डिझेलच्या मानाने हवा अपुरी पडते आणि भाराखाली सहसा काळा धूर निघतो. धूर स्वच्छ असून गाडी ओढत नसेल, तर आधी डिझेल पुरेसे पोहोचते की नाही हे पाहावे, ही गोष्ट हायवेवरच्या कोणत्याही अनुभवी मिस्त्रीला ठाऊक असते. शिवाय आपल्याच केंद्राने स्कॅनर लावून काढलेल्या कागदावर ‘पी ००८७’ हा दोष छापलेला आहे, ज्याचा अर्थ रेलमधील डिझेलचा दाब अपेक्षेपेक्षा कमी असा होतो. टर्बोचा दाब कमी असल्याचे सांगणारा ‘पी ०२९९’ हा दोष त्या कागदावर कुठेही नाही. असे असताना पहिल्या भेटीत टर्बो बदलण्यात आला. कारण विचारले तेव्हा ‘शाफ्टला खेळ आहे’, म्हणजे टर्बोचा दांडा सैल आहे, असे सांगण्यात आले. टर्बोचा शाफ्ट ऑइलच्या थरावर फिरत असल्याने त्याला आडवा थोडा खेळ असतोच. तो मर्यादेबाहेर आहे की नाही हे डायल गेज लावून मोजावे लागते, आणि असे कोणतेही माप जॉब कार्डवर नोंदवलेले नाही.

टर्बो बदलल्यानंतरच्या पहिल्याच भरलेल्या फेरीत घाटात तोच प्रकार घडला. त्या वेळी ‘ऊन फार आहे, इंजिन दमते’ असे फोनवर उत्तर मिळाले. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत ऊन असते हे मला मान्य आहे, परंतु मी घाट चढलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. गाडीत जास्त माल भरल्याचाही संशय घेण्यात आला, म्हणून वजनकाट्याची पावती सोबत जोडली आहे. वजन नोंदणी पुस्तकातील मर्यादेच्या आत आहे.

दुसऱ्या भेटीत सहाही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) बदलण्यात आले. इंजेक्टर झिजला तर त्यातून परत जाणारे डिझेल वाढते आणि रेलचा दाब टिकत नाही, हे खरे आहे. पण ते तपासण्याची पद्धत साधी आहे : प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकसारखी बाटली लावायची, इंजिन ठरावीक वेळ चालवायचे आणि कोणत्या बाटलीत जास्त डिझेल जमते ते पाहायचे. ही चाचणी झाली नाही, इंजेक्टर काढल्यावर टेस्ट बेंचवर लावले गेले नाहीत, आणि सहापैकी नेमका कोणता खराब होता हे मला आजही सांगता येणार नाही, कारण आपल्या केंद्रालाही ते सांगता आले नाही. टर्बोचे देयक मजुरीसह ६५ हजारांच्या घरात आणि इंजेक्टरचे सव्वा लाखाच्या पुढे गेले.

तिसऱ्या वेळी मला रेलमध्ये दाब तयार करणारा हाय प्रेशर पंप बदलण्याचा आणि सोबत ‘हाफ इंजिन’ (इंजिन अर्धे खोलून दुरुस्ती) करून घेण्याचा सल्ला देण्यात आला. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील हवेचा दाब) मोजले का, या प्रश्नावर ‘सात लाख झालेत, आता इंजिन मागणारच’ असे उत्तर मिळाले. महोदय, किलोमीटरचा आकडा म्हणजे निदान नव्हे. त्याच आकड्यावर इंजिन ऑइल पीत नव्हते, थंडीत पहिल्या सेल्फला सुरू होत होते आणि ऑइल भरण्याचे झाकण उघडले तर दखल घेण्याजोगा धूर येत नव्हता.

त्यानंतर मी गाडी लातूरच्या एमआयडीसी परिसरातील एका डिझेल मिस्त्रींकडे नेली. त्यांनी सुरुवातीला काहीही बदलले नाही. प्राथमिक फिल्टरच्या आधी पारदर्शक नळी जोडून लाइन हवा घेते का ते पाहिले, बुडबुडे नव्हते. मग टाकीची लाइन बाजूला ठेवून वेगळ्या डब्यातून डिझेल दिले आणि भरलेली गाडी रस्त्यावर काढली, तेव्हा ओढ पूर्ण परत आली. म्हणजे दोष टाकी आणि फिल्टर यांच्या मध्येच होता. तिथला रबरी पाइप बाहेरून धडधाकट दिसत होता. उभा चिरला तेव्हा त्याचे आतले अस्तर सुटून पापुद्र्यासारखे लोंबत असल्याचे आढळले. इंजिन भाराखाली जास्त डिझेल ओढू लागले की हे अस्तर आत खेचले जाऊन वाट अडवत असे, रेलचा दाब पडत असे आणि ईसीयू (इंजिनाचा नियंत्रण संगणक) इंजिनाची ताकद कमी करत असे. इंजिन बंद केल्यावर डिझेल खेचले जाणे थांबून अस्तर पुन्हा जागेवर येत असे. चावी बंद करून सुरू केल्यावर गाडी थोडा वेळ चांगली का चालत होती, याचा उलगडा इथे होतो, आणि हे लक्षण मी पहिल्याच दिवशी सांगितले होते. विहिरीत पाणी असून फूटव्हॉल्व्ह चोंदला, म्हणून आमच्याकडे कोणी मोटार बदलत नाही.

तो पाइप आणि डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलल्यावर मिस्त्रींनी चढावर स्कॅनर लावून अपेक्षित आणि प्रत्यक्ष रेल दाब शेजारी शेजारी दाखवले. दोन्ही आकडे सोबत चढत गेले. हा स्कॅनर आपल्या केंद्राकडेही आहे. त्यांनी तो गाडी जागेवर उभी असताना लावला, जिथे डिझेलची मागणी फारच कमी असते.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. टर्बो व इंजेक्टर यांची मजुरीसह घेतलेली पूर्ण रक्कम परत करावी. काढलेला टर्बो आणि सहा इंजेक्टर माझ्या ताब्यात द्यावेत. ते मागितले तेव्हा ‘भंगारात गेले’ असे सांगण्यात आले, मात्र त्यासाठी माझी संमती घेतल्याची नोंद नाही. डिझेलचे रबरी पाइप किती काळाने बदलावेत असे आपल्या सर्व्हिस वेळापत्रकात दिले आहे, आणि ते माझ्या गाडीत का बदलले गेले नाहीत, याचे उत्तर लेखी द्यावे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये लातूर येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार दाखल करीन. ट्रक हे व्यावसायिक वाहन असल्याने मी ग्राहक ठरत नाही, असे आपल्या केंद्रातून मला तोंडी सुनावण्यात आले आहे. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वापरलेली वस्तू व्यावसायिक वापराच्या त्या अपवादात मोडत नाही, हे त्याच अधिनियमाच्या ‘ग्राहक’ या व्याख्येच्या स्पष्टीकरणात नमूद आहे.

चिरलेला पाइप माझ्याकडे जपून ठेवला आहे. आपल्या अभियंत्यांना तो आणि गाडी लातूरला येऊन केव्हाही पाहता येईल. पाइप मात्र लेखी पोचपावतीशिवाय दिला जाणार नाही.

आपला विश्वासू,
(ट्रकमालक व चालक, लातूर)

सोबत : दोन्ही देयके, जॉब कार्ड, स्कॅनरचा कागद आणि वजनकाट्याची पावती यांच्या प्रती, पाइपची छायाचित्रे.