ओंकारला, पाठदुखीबद्दल

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद. काल तू मधेच फोन ठेवलास, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. लीगच्या संघात तुझं नाव आल्यापासून आजोबा दिसेल त्याला थांबवून सांगतायत. मलाही फार अभिमान वाटतो. फक्त गोलंदाजी करताना पाठ कुठल्या बाजूला दुखते, ते कळव.

फुटबॉल आणि क्रिकेट दोन्ही खेळता येतं म्हणून तू चुनी गोस्वामींचं उदाहरण दिलंस, ते खरंच आहे. १९६२ ला जकार्तात त्यांच्या नेतृत्वाखाली आपण दक्षिण कोरियाला २-१ हरवून एशियाडचं सुवर्ण जिंकलं. १९६६ ला इंदूरला सोबर्सच्या वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी सामन्यात ८ बळी घेतले. १९६८-६९ च्या रणजी अंतिम सामन्यात तर आपल्या मुंबईविरुद्ध ९६ आणि ८४! मुंबई जिंकली, पण आजोबा अजून त्या ८४ बद्दलच बोलतात.

पण ते खेळले त्या कोलकात्यात फुटबॉल लीग पावसाळ्यात आणि क्रिकेट थंडीत. शिवाय देशासाठी फुटबॉल खेळणं त्यांनी १९६४ लाच थांबवलं. कोल्हापुरात दोन्ही हंगाम एकमेकांवर येतात. शाहू स्टेडियमवर ९० मिनिटं पळून दुसऱ्या सकाळी नेटमध्ये उतरलास, की थकलेल्या मांड्या पुढचा पाय आपटल्याचा हादरा झेलत नाहीत, तो कंबरेवर जातो. तुझ्या वयात तिथलं हाड अजून कच्चं असतं. उजव्या हाताच्या गोलंदाजाला डाव्या बाजूला दुखत असेल आणि मागे वाकल्यावर वाढत असेल, तर हाडाला चीर गेल्याची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी गोलंदाजी बंद. सुरुवातीला एक्स-रेत ती बऱ्याचदा दिसत नाही. एमआरआयच करून घे, पैशांचं मी बघते.

तसं नसेल तरी फुटबॉलच्या सामन्यानंतर दोन दिवस चेंडू हातात घेऊ नकोस. एका स्पेलला ६ षटकं पुरे. नेटमधले चेंडूही वहीत मांड, मुलं फक्त सामन्यातली षटकं मोजतात आणि तिथेच फसतात.

परत शिकवणी सुरू झाली, राग मानू नकोस. तू दोन्ही खेळावंस असंच मला वाटतं. पण मावशी म्हणाली, बूट घालताना तू भिंतीला धरतोस. हे मला तिच्याकडून का कळावं?

गोलंदाजीचे नवे बूट पाठवतेय. फुटबॉलच्या बुटांत टाचेखाली गादी नसते, ते नेटमध्ये वापरू नकोस.

तुझी,
आई