सोनू, ओळ कशाची आहे ते आधी सांग

गडहिंग्लज

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, की पायथन आणि डॅशबोर्ड शिकायला मजा येते, पण डेटाबेस डिझाइनच्या तासाला जीव रमत नाही. नॉर्मल फॉर्म, म्हणजे टेबलं कशी मांडावीत याचे नियम, पाठ करायचे, चौकटी आणि बाण काढायचे. आणि नोकरी लागल्यावर टेबलं तर तयारच मिळणार, मग हे सगळं कशाला? तेव्हा घरात पाहुणे बसले होते, म्हणून मी "बघू नंतर" म्हटलं. पण ते तसंच सोडून द्यायची माझी तयारी नाही. दूध संस्थांच्या हिशेबाचे प्रोग्राम लिहिण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. त्यातलं तुला द्यावं असं माझ्याकडे एकच आहे, आणि ते त्याच तासाला शिकवतात जो तुला नकोसा वाटतो.

कुठलंही टेबल समोर आलं, की कोडला हात लावण्याआधी विचार: यातली एक ओळ म्हणजे काय?

प्रश्न सोपा वाटतो. मलाही 1999 साली वाटला होता, फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये पहिला प्रोग्राम लिहिला तेव्हा. संस्थेत सकाळी सहाला रांग लागते. किटली येते, दूध मापलं जातं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) बघतात, कार्डावर आकडे लिहून देतात. संध्याकाळी पुन्हा तेच. मी टेबल केलं: तारीख, सकाळ की संध्याकाळ, सभासदाचा कोड, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. एक ओळ म्हणजे एका सभासदाचं एका वेळचं एका प्रकारचं दूध. तारीख, वेळ, कोड आणि प्रकार एकत्र घेतले की ओळ ओळखता येणार, दुसरी तशी येणारच नाही, अशी माझी खात्री.

पहिल्याच आठवड्यात एका घरातून म्हशीच्याच दुधाच्या दोन किटल्या आल्या. दोघे भाऊ चुलीने वेगळे झाले होते, पण सभासदत्व वडिलांच्या नावावर एकच. प्रोग्रामने दुसरी नोंद घेतली नाही. रांग खोळंबली, तसं माप घेणाऱ्याने दुसरी किटली पहिलीत मिळवली आणि फॅट अंदाजाने मधली टाकली. दोघा भावांत फॅटवरून बोलाचाली झाली ती वेगळीच. तेव्हा मला कळलं, की ओळ सभासदाची नव्हतीच, ती मापाची होती. एक माप, एक पावती, एक ओळ. पावतीला क्रमांक दिला आणि तो घोळ मिटला. हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नसतं. सकाळी सहाला जाऊन त्या रांगेजवळ उभं राहावं लागलं. म्हणून तुला सांगते, डेटा जिथे जन्मतो तिथे एकदा तरी जाऊन ये. दवाखान्याचा असेल तर केसपेपर काढतात त्या खिडकीपाशी, दुकानाचा असेल तर काउंटरला.

एक ओळ म्हणजे काय, याला तुमच्या अभ्यासात 'ग्रेन' म्हणतात. राल्फ किंबॉल यांनी अॅनालिटिक्ससाठी टेबलं कशी मांडावीत याची जी पद्धत रूढ केली, तिच्यात कामाचा व्यवहार निवडला की लगेच ग्रेन जाहीर करायचा असतो. फॅक्ट टेबल (मोजलेले आकडे) आणि डायमेन्शन टेबलं (कोण, कधी, कुठे यांची माहिती) त्यानंतर. तो क्रम उलटा करू नकोस.

आता जी गोष्ट सांगते ती मी घरात कधी बोलले नाही. चूक माझी होती.

तू दीड वर्षाचा होतास. एका संस्थेत 112 कोडचे सभासद डिसेंबरात वारले. जानेवारीत नवीन सभासद आल्या, त्यांना सचिवांनी तोच रिकामा कोड दिला. सभासदांच्या फाइलमध्ये जुनं नाव पुसून नवं टाकलं, आणि माझ्या प्रोग्रामने ते करू दिलं. मार्च संपला. पुढे दिवाळीच्या तोंडावर दूध फरक काढायची वेळ आली. तुला माहीत आहे, आपल्याकडे वर्षभर संस्थेला घातलेल्या दुधावर लिटरमागे फरक मिळतो आणि त्यावर कित्येक घरांची दिवाळी होते. प्रोग्रामने कोडप्रमाणे बेरीज केली. 112 च्या पुढे एप्रिल ते मार्चचं सगळं दूध आणि नाव नव्या बाईंचं.

वारलेल्या सभासदांची बायको संस्थेत आली. हातात दुधाची रिकामी पिशवी, धुऊन वाळवलेली, आणि तिच्यात दहा-दहा दिवसांची कार्डं. नऊ महिन्यांची सत्तावीस कार्डं त्यांनी टेबलावर ओळीने मांडली. काही पावसात भिजलेली, शाई पसरलेली. म्हणाल्या, "ताई, हे दूध मी काढलंय." त्या रात्री अकरापर्यंत बसून मी तारखा लावून दोघींचं दूध वेगळं केलं. फरक ज्याचा त्याला मिळाला. पण त्या बाईंनी कार्डं जपून ठेवली नसती तर माझ्या टेबलात त्यांच्या नऊ महिन्यांचा मागमूस नव्हता. नाव पुसलेलं, आणि जुनं नाव ठेवायला मी जागाच केलेली नव्हती.

त्यानंतर माझ्या प्रत्येक प्रोग्राममध्ये सभासदाला आतला एक क्रमांक असतो. तो कुणाला दिसत नाही, बदलत नाही आणि पुन्हा कधी दुसऱ्याला दिला जात नाही. तुम्ही त्याला सरोगेट की म्हणता. 112 हा नुसता बिल्ला. तो कुणाकडे कधीपासून कधीपर्यंत होता, हे वेगळ्या टेबलात तारखांसह राहतं. दराचंही तसंच. दरपत्रक बदललं म्हणून जुना दर खोडायचा नाही. नवा दर कुठल्या तारखेपासून लागू, ते लिहून नवी ओळ घालायची. नाहीतर मागचं बिल पुन्हा काढलं की नव्या दराने येतं, आणि सभासदाच्या हातातल्या कागदाशी जुळत नाही. 'स्लोली चेंजिंग डायमेन्शन' हे परीक्षेत येतं ना, ते हेच. तो धडा वाचशील तेव्हा ती सत्तावीस कार्डं आठव.

नॉर्मल फॉर्मचं आता. एडगर कॉड हे आयबीएममध्ये काम करणारे गणितज्ञ. त्यांनी 1970 मध्ये रिलेशनल पद्धत मांडली: डेटा साध्या टेबलांत ठेवायचा, आणि तो डिस्कवर कसा रचला आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असायची गरज नसावी. 1981 मध्ये त्यांना संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. नॉर्मलायझेशन त्यांचंच. व्याख्या पाठ करण्याआधी हे बघ: दोन्ही वेळा दूध घालणाऱ्या सभासदाच्या वर्षाला 730 नोंदी होतात. प्रत्येक नोंदीत त्याचा बँक खाते क्रमांक लिहिलास आणि त्याने खातं बदललं, तर 730 ठिकाणी बदल करावा लागेल. एक ओळ राहिली, की टेबलात एकाच माणसाची दोन खाती, आणि खरं कुठलं ते सांगणारं कुणी नाही. खाते क्रमांक सभासदाचा आहे, मापाचा नाही. तो सभासदाच्या टेबलात एकदाच लिहायचा. दुसरा नॉर्मल फॉर्म, तिसरा नॉर्मल फॉर्म, सगळे हाच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी विचारतात, की ही गोष्ट नक्की कुणाची?

तू विचारशील, मग अॅनालिटिक्सवाले पुन्हा सगळं एकत्र का जोडतात? वाचायला सोपं जावं आणि मोठ्या बेरजा लवकर व्हाव्यात म्हणून, आणि ते बरोबरच आहे. सकाळच्या रांगेत एक पावती क्षणात निघाली पाहिजे. पाच वर्षांचा अहवाल त्याच डेटाबेसवर चालवून रांग अडवायची नाही. म्हणून वेगळी प्रत काढायची. मधोमध मापाचं फॅक्ट टेबल, भोवती सभासद, तारीख, गाव, दुधाचा प्रकार. पण ही प्रत चांगली निघते ती मूळ नीट असेल तरच.

जॉईनवर, म्हणजे एका टेबलाला दुसरं जोडण्यावर, मात्र जरा थांबते, कारण नव्या मुलांचे आकडे सर्वांत जास्त इथे फुगतात आणि त्यांना पत्ता लागत नाही. समज, एका सभासदाचं दहा दिवसांचं बिल काढायचं आहे. दुधाच्या वीस ओळी, प्रत्येकी पाच लिटर, म्हणजे शंभर लिटर. त्याच दहा दिवसांत त्याने पशुखाद्याची तीन पोती उचलली, प्रत्येकी 1,500 रुपयांची. तू सभासदाला दूध जोडलंस, त्यालाच पोती जोडलीस आणि बेरीज मागितलीस. प्रत्येक दुधाची ओळ प्रत्येक पोत्याला जुळली, साठ ओळी झाल्या. दूध दिसेल तीनशे लिटर, आणि पोत्यांपोटी बिलातली कपात 4,500 ऐवजी 90,000. क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या) लिखाणात चूक नाही, म्हणून एररही येत नाही. फक्त त्या साठ ओळींतली एक ओळ म्हणजे काय, हे कुणालाच सांगता येणार नाही. आधी दुधाची बेरीज सभासदागणिक एका ओळीवर आण, पोत्यांची तशीच आण, मग दोन्ही जोड. आणि जॉईनच्या आधी आणि नंतर ओळी मोजायची सवय हाताला लाव.

फक्त गावातल्या संस्थांत असं होतं असं समजू नकोस. 2020 च्या शरदात इंग्लंडमध्ये कोरोनाच्या 15,841 बाधितांची नोंद वेळेवर पुढे गेलीच नाही. प्रयोगशाळांचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओढले जात होते, आणि त्या फाइलला 65,536 ओळींची मर्यादा. त्यात एका रुग्णाच्या निकालाला अनेक ओळी लागत, म्हणून एका फाइलमध्ये सुमारे 1,400 रुग्णच मावत. पुढचे गळत गेले. त्यांच्या संपर्कात आलेल्यांना कळवायला उशीर झाला, साथ पसरत असताना. कुणीतरी सुरुवातीलाच विचारायला हवं होतं, की एक ओळ म्हणजे एक रुग्ण आहे का, आणि अशा किती ओळी येणार?

सरासरीही जपून काढ. सकाळी दोन लिटर 8.0 फॅटचं, संध्याकाळी आठ लिटर 6.0 चं. दोन फॅटची सरळ सरासरी 7.0 येते, पण दहा लिटर एकत्र ओतलंस तर फॅट 6.4 लागेल. टेबलात सरासरी साठवून ठेवशील तर पुढच्या माणसाला ती परत फोडता येणार नाही. लिटर आणि फॅट ठेव, सरासरी मागेल तेव्हा काढ. आणि ज्या दिवशी फॅटचं मशीन बंद होतं त्या दिवशी फॅट शून्य लिहायचं नाही. जागा रिकामी, आणि कारण शेजारच्या रकान्यात.

आपल्या भाषेत डेटा ठेवशील तेव्हा आणखी एक गोष्ट. 'ॲ' हे अक्षर एकाच कोडचंही असतं आणि 'अ' वर चंद्र देऊनही होतं. डोळ्याला दोन्ही सारखी, मशीनला वेगळी. एकाने एक टंकलं आणि दुसऱ्याने दुसरं, तर शोधात निम्मेच सापडतात. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक देण्याच्या पद्धतीच्या, आधीचा मराठी डेटा तर फॉन्टच्या कोडमध्ये अडकलेला. फॉन्ट गेला की नाव गेलं. आत घेतानाच एका रूपात आणायचं. आणि नावावरून माणूस ओळखायचा नाही. आपल्याच भावकीत एका नावाचे किती जण आहेत ते तुला सांगायला नको.

बाकीचं थोडक्यात. पोस्टग्रेस हा डेटाबेस घाल आणि प्रायमरी की, फॉरेन की, चेक हे चुकीची नोंद अडवणारे नियम सगळे लाव. चुकीची नोंद आत येऊच न देणं हे नंतर साफ करण्यापेक्षा फार स्वस्त पडतं. प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि एकक लिहून ठेव. बॅकअप घेतलास एवढ्यावर समाधान मानू नकोस, तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघ. आधार आणि खाते क्रमांक विश्लेषणाच्या प्रतीत येऊच देऊ नकोस. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहेच, पण तो नसता तरी ते क्रमांक आपले नाहीत, लोकांनी विश्वासाने दिलेले आहेत.

बाबा गुरुवारी पुण्याला येतायत. त्यांच्याकडे पेन ड्राइव्ह देते. एका जुन्या संस्थेच्या तीन वर्षांच्या डीबीएफ फाइल्स, म्हणजे फॉक्सप्रोची टेबलं, आहेत. सचिवांना विचारून घेतल्यात, नावं, गाव आणि खाती मी काढून टाकली आहेत. टेबलं मुद्दाम दुरुस्त केलेली नाहीत. कोडचा घोळ आहे, दोन किटल्यांचा आहे, आणि माझ्या लक्षात न आलेलेही असतील. चार्ट काढायला बसू नकोस. वहीत प्रत्येक फाइलचं नाव लिही आणि पुढे एका वाक्यात, तिची एक ओळ म्हणजे काय. रविवारी फोन करशील तेव्हा मला ती वाक्यं वाचून दाखव. मी माझी वही घेऊन बसते.

तुझी,
आई

ता. क. फाइल्स फॉक्सप्रोच्या आहेत. त्यात ओळ डिलीट केली तरी ती नुसती खूण होते, पॅक करेपर्यंत, म्हणजे खूण केलेल्या ओळी कायमच्या काढेपर्यंत, आतच असते. मी पॅक केलेलं नाही. वाचताना त्या ओळीही बघ, त्या का काढल्या गेल्या असतील ते मला ऐकायचंय. डब्यात खोबऱ्याच्या वड्या आहेत, मित्रांना दे.