हजेरीपुरतं हिंजवडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरून काम करणाऱ्यांचे वाभाडे काढणारा कालच्या अंकातला लेख वाचला. ऑफिसच्या चहाबरोबर सुचणाऱ्या कल्पना, ज्येष्ठांच्या सहवासात घडणारे तरुण वगैरे वाचून गहिवरून आलं. लेखकमहाशय हिंजवडीच्या आयटी पार्कात शेवटचे कधी गेले होते, तेवढं मात्र विचारून कळवा.

माझी सून फेज तीनमधल्या एका कंपनीत आहे. नाव लिहीत नाही, तिला नोकरी टिकवायची आहे. आठवड्यातून तीन दिवस हजेरी सक्तीची. गेल्या जुलैत धो धो पावसात ती सकाळी वारज्यातून निघाली, कारण त्या आठवड्याची हजेरी कमी भरत होती. भूमकर चौकात कॅब अडकली ती अडकलीच. पहिली मीटिंग मांडीवर लॅपटॉप ठेवून कॅबमध्येच झाली. पोचली तर बसायला जागा नाही. हल्ली टेबलं ठरलेली नसतात म्हणे, ॲपवर आधी बुक करावी लागतात, आणि तिच्या मजल्यावरची सगळी गेली होती. मग कॅन्टीनच्या कोपऱ्यात हेडफोन लावून दिवसभर बोलली कुणाशी, तर बंगळूरच्या मॅनेजरशी आणि नोएडातल्या दोघांशी. तिच्या टीममधलं पुण्यात दुसरं कुणीच नाही! रात्री घरी येऊन पानावर बसते तोच अमेरिकेचा कॉल. ज्येष्ठांचा सहवास म्हणाल, तर कॅबचे ड्रायव्हर साठीच्या पुढचे होते.

घरून काम म्हणजे स्वर्गसुख, असं माझंही म्हणणं नाही. ती कॉलवर असली की मला आवाज बंद करून क्रिकेट बघावं लागतं. 'तू घरीच असतेस ना' म्हणत शेजारीपाजारी आपली कुरिअर तिच्या गळ्यात मारतात. पुतण्या 2021 मध्ये नोकरीला लागला, त्याचा लॅपटॉपसुद्धा कुरिअरनं आला. साहेब स्क्रीनवर दिसतील तेवढेच. त्याचं शिकायचं राहिलं, हे मान्य. पण मग शिकवणारे आणि शिकणारे एका दिवशी एका मजल्यावर आणा की. गेटवर टेकवलेली कार्डं मोजून कोण घडणार आहे?

बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम करू देण्याची सोय 2017 च्या कायदादुरुस्तीनं आली, मालक राजी असेल तर. सुनेनं विचारलं तेव्हा मालक राजी नव्हते. आठवड्याला 70 तास काम करा, असा सल्ला 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना दिला होता. त्यात भूमकर चौक धरायचा की तो वेगळा? हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन 2018 च्या डिसेंबरात झालं. पुढचे मुहूर्त आपल्याच अंकांतून वाचत आलो आहोत.

आणि हो, ज्या अंकात हा लेख, त्याच अंकावर 'ऑफिसपासून पाच मिनिटांवर' अशी हिंजवडीतल्या फ्लॅटची पानभर जाहिरात होती. दोन्हींचा संबंध नसेलच. पण या जाहिरातींपायी हल्ली तुमचं पहिलं पान तिसऱ्या पानावर शोधावं लागतं. रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तरही दोन आठवडे छापलेलं नाही. तिथं बहुधा फ्लॅट बसला असावा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, वारजे, पुणे