उकिरड्यातली हाडं

फेअरबँक्स, अलास्का

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आई, वेसाव्यात कुणी विचारलं की "पोरगी हाडं कापते" असं तू सांगतेस म्हणे. सांगत जा, खोटं नाहीच ते.

बाबा, ही हाडं सीलची. अल्यूशन बेटांवरचे उनांगन लोक हजारो वर्षं सील मारून खात आले. हाडं उकिरड्यावर टाकत. ते उकिरडे उकरून निघालेला बोटभर तुकडा माझ्या वाट्याला येतो. कापताना दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा जळका वास सुटतो. मग पातळ ॲसिडमध्ये ठेवला की चुना विरघळतो आणि कोलॅजन, म्हणजे हाडातलं प्रथिन, उरतं. आकार हाडाचाच, पण दाबून बघितलं तर थेट माकूल! मागे एक नमुना मी जास्त दिवस ठेवला आणि तो पार विरून गेला. शेकडो वर्षं मातीत टिकलेलं हाड माझ्या हाताखाली आठवड्यात संपलं. दोन दिवस जेवण गेलं नाही.

त्यातलं अर्धा मिलिग्रॅम कथलाच्या पुडीत बांधून यंत्रात जाळतो आणि जड नायट्रोजन, म्हणजे नायट्रोजनचेच जरा जास्त वजनाचे अणू, मोजतो. जवळा खाणारी मांदेली, मांदेली खाणारी घोळ, अशा दर पायरीला तो हजारी तीन-चारने चढतो. म्हणजे सील कुठल्या पायरीवरची मासळी खात होता ते कळतं. आकडा उतरला की "मोठी मासळी संपली" म्हणायची घाई लोकांना फार. अहो, या साखळीच्या तळाचं वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, बदललं तरी वरपर्यंत सगळेच आकडे सरकतात! कार्बनही मोजतो, त्याचं आणखी वेगळं: कोळसा-तेल जाळून माणसाने समुद्रात हलका कार्बन भरलाय, अलीकडच्या हाडांत तो हिशेबात धरावाच लागतो.

"आमच्या वेळी घोळ अशी मिळायची" म्हणून तुम्ही हात पसरता, तेव्हा दादा हसतो. इथेही मासळीच्या शास्त्रीय नोंदी काही दशकांच्याच. त्याआधीचं विचारायचं तर हाडांनाच. स्टेलरची समुद्रगाय, समुद्रातला एक अवाढव्य सस्तन प्राणी, १७४१ मध्ये युरोपियनांना दिसली आणि २७ वर्षांत मारून संपवली. आता तिची हाडंच उरलीत.

२०१६ च्या जानेवारीत जुहूला ब्रायड्स देवमासा लागला, तेव्हा नाकाला ओढणी लावून मी लांबूनच परत फिरले होते. आज असते तर एक फासळी मागितली असती, आणि वनखात्याने आधी मलाच धरलं असतं.

तेव्हा घोळीवरच भागवते. पुढची मिळाली की डोक्यातले दोन पांढरे खडे फेकू नका. धुऊन, वाळवून डबीत ठेवा. तारीख आणि कुठल्या पाण्यात मिळाली ते चिठ्ठीवर लिहा. आई, ती डबी मसाल्याच्या डब्यांत ठेवू नकोस.

तुमची,
मनू