रविवारच्या जेवणासाठी मावशींना पत्र

प्रिय मावशी,

तुमच्यासमोर आभार मानायला लागलं की तुम्ही "चल, चहा टाक" म्हणत उठता. म्हणून लिहून काढते आहे, आणि तेही चारचौघांत. वसईहून, नाशिकहून, नगरहून नर्सिंगसाठी किंवा शिकायला इंग्लंडला येणाऱ्या मुली मला निरोप पाठवून विचारतात: तिथे ख्रिस्ती मुलीला लग्नाआधी शरीरसंबंध न ठेवता, आपल्या श्रद्धेप्रमाणे राहता येतं का? लोक हसतात का? एकटं पडायला होतं का? उत्तर देताना मी दरवेळी तुमच्याबद्दल सांगू लागते. तुमचं नाव लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. लीड्समधल्या आपल्या लोकांना कळेलच.

वसईत मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. आमच्या गल्लीत प्रत्येक ओट्यावर कुणाची तरी आजी बसलेली. कोण कुणाच्या गाडीवर मागे बसलं, ही बातमी चर्चमधली मिस्साची प्रार्थना सुटायच्या आत आईपर्यंत पोचायची. तिथे माझी शुद्धता किती माझी होती आणि किती शेजाऱ्यांच्या नजरेची, हे तपासायची वेळच आली नाही. लीड्सला आले आणि नजरा गेल्या. रात्री मी कुठे होते, कुणाबरोबर होते, याच्याशी या शहरात कुणाला काही देणंघेणं नव्हतं.

लीड्सच्या हेडिंग्ली भागातल्या त्या भाड्याच्या घरात आम्ही चौघी राहत होतो. शनिवारी दुपारी खिडकीतून ऑटली रनचे घोळके दिसायचे, चित्रविचित्र कपडे घालून एका पबमधून दुसऱ्या पबमध्ये जाणारे. माझ्या घरातल्या मुलीही कधी कधी त्यात असत. सोमवारी कुणाला ॲपवर कोण भेटलं, कोण रात्री राहिलं, याच्या गप्पा स्वयंपाकघरात व्हायच्या. पण मावशी, त्या मुली मनाने चांगल्या होत्या. मला फ्लू झाला तेव्हा त्यांनी आळीपाळीने सूप आणून दिलं. मी लग्नाआधी कुणाबरोबर झोपणार नाही हे कळल्यावर त्यांनी थट्टा केली नाही. एकीने फक्त शांतपणे विचारलं, "मग तुला एकटं वाटत नाही?"

थट्टेला माझ्याकडे उत्तर तयार होतं. या प्रश्नाला नव्हतं. एकटं वाटत होतंच. मोहाबद्दल मला युवक शिबिरांत पुष्कळ सांगितलं गेलं होतं, पण कामावरून परतल्यावर अख्ख्या संध्याकाळी कुणीही आपली वाट पाहत नसतं, तेव्हा काय करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि हा त्रास एकट्या ख्रिस्ती माणसाचाही नाही. याच देशाने 2018 साली एकाकीपणाच्या प्रश्नाची जबाबदारी एका मंत्र्याकडे सोपवली. ज्यांना कसलंही बंधन नाही, तेही रात्री एकटेच आहेत.

त्याच हिवाळ्यात मिस्सानंतर दारात तुम्ही माझं आडनाव ऐकलंत, गाव विचारलंत आणि मराठीत म्हणालात, "जेवायला येतेस ना?" मी कोण, काय करते, किती धार्मिक आहे, काही विचारलं नाहीत. ओव्हनमध्ये भाजलेली कोंबडी, यॉर्कशायर पुडिंग आणि बाजूला वाटीत सुकटाची चटणी. ती चटणी पाहून मला रडू आलं, आणि तुम्ही ते न पाहिल्यासारखं केलंत.

पुढे दर रविवारी येऊ लागले. तुमच्या टेबलाशी कोण कोण असायचं! बायको गेल्यापासून एकटे राहणारे आजोबा. पोलंडचा विद्यार्थी. नायजेरियाहून आलेली नर्स आणि तिची दोन मुलं. जिचा नवरा सोडून गेला, पण चर्चच्या दृष्टीने जिचं लग्न अजून टिकून आहे अशी बाई, जी ते मान्य करून एकटी राहते. आणि तो तरुण, ज्याला पुरुषांचंच आकर्षण वाटतं आणि ज्याने चर्चची शिकवण मनापासून स्वीकारली आहे. हे लिहू का, असं मी त्याला विचारलं, तो हो म्हणाला. त्याची वाट माझ्याहून अवघड आहे. मी निदान लग्नाची आशा धरू शकते. तुम्ही त्याला कधी उपदेश केला नाहीत. कुठल्या रविवारी तो आला नाही तर संध्याकाळी डबा घेऊन त्याच्या दारात जायचात.

कॅथलिक चर्चच्या 1992 च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे शिकवणीच्या ग्रंथात, म्हटलं आहे, की शुद्धतेची हाक बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाला आहे, लग्न झालेल्यांनाही आणि न झालेल्यांनाही, आणि हा सद्गुण मैत्रीत बहरतो. तुमच्या घरी येण्याआधी कुणी हे वाक्य वाचून दाखवलं असतं, तर मी ते कानाआड केलं असतं. या माणसांत बसून भांडी पुसताना त्याचा अर्थ लागला. आठवडाभर आपल्याला कुणीतरी विचारणार आहे, आपल्यासाठी ताट मांडलं जाणार आहे, हे ठाऊक असलेलं माणूस रात्री अकरा वाजता फोनवर अनोळखी चेहरे चाळत बसत नाही. निदान मी तरी बसले नाही.

तुम्ही सत्तरच्या दशकात इथे आलात आणि निवृत्त होईपर्यंत मिडवाइफचं काम केलंत. मी एकदा म्हणाले होते, जुनं इंग्लंड किती ख्रिस्ती होतं आणि आता किती बिघडलंय. तुम्ही हातातली सुरी खाली ठेवलीत. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना चर्चच्या नि इतर संस्थांच्या घरांत कसं लपवलं जायचं, बाळ झाल्यावर ते कसं काढून घेतलं जायचं, ते तुम्ही सांगितलंत. 1949 ते 1976 या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा अविवाहित आयांची सुमारे 1,85,000 बाळं दत्तक दिली गेली, असा ब्रिटिश संसदेच्या समितीचा 2022 चा अंदाज आहे. आज परिस्थिती उलटी आहे. 2021 साली तिथे जन्मलेल्या बाळांपैकी 51.3 टक्के बाळांचे आईवडील विवाहित नव्हते, आणि 1845 पासूनच्या नोंदींत हे प्रमाण निम्म्याच्या वर जाण्याची ती पहिलीच वेळ. तुम्ही म्हणालात, "आधीचा काळ शुद्ध नव्हता गं, झाकलेला होता. ज्यांनी त्या पोरींची बाळं हिसकावली, त्यांना मी शुद्ध कसं म्हणू?"

त्या दिवसापासून पश्चिमेला नावं ठेवणारी व्याख्यानं मला ऐकवत नाहीत. आपल्याकडच्या मंडळींना ती फार आवडतात. बायबलमधल्या संत पौलाने आपलं पत्र लिहिलं ते करिंथसारख्या बंदराच्या शहरात राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना. तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, हे त्याने त्यांना सांगितलं. शहर सोडून पळा, असं सांगितलं नाही. तुम्ही हजारो बाळं हातात घेतलीत, त्यांच्या आयांच्या बोटात अंगठी आहे का हे न पाहता, आणि स्वतः मात्र आयुष्यभर चर्चची शिकवण काटेकोर पाळलीत. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात इतक्या सहज नांदू शकतात, हे मी तुमच्यात पाहिलं.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः हे पत्र आहे, ते लिहिते. तो माझ्या कामावरचा होता. चांगला, समजूतदार. आम्ही इल्कली मूरच्या माळरानावर चालायला जायचो. त्याने एकत्र राहू या असं सुचवलं. त्यात त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. इथे ती आदराने टाकलेली पुढची पायरी असते. मी तुमच्याकडे आले तेव्हा नकाराची वाक्यं जुळवत होते. तुम्ही म्हणालात, "त्याला काय देणार नाहीस ते नंतर सांग. आधी काय द्यायचंय ते सांग." मग मी त्याला तसंच सांगितलं: मला अख्खं आयुष्य द्यायचं आहे, देवासमोर, सगळ्यांसमोर, मागे फिरायची वाट न ठेवता, आणि शरीर त्याच दानाचा भाग आहे, म्हणून ते आधी वेगळं काढून देता येत नाही. त्याने नीट ऐकलं. एवढं वचन मी देऊ शकत नाही, असं प्रामाणिकपणे सांगितलं. आम्ही वेगळे झालो.

त्या रात्री तुम्ही पेज केलीत, सुका बोंबील भाजलात. "देव तुला याच्याहून चांगला देईल" असं तुम्ही म्हणाला नाहीत. ते न म्हटल्याबद्दल तुमचे सगळ्यात जास्त आभार. ते वाक्य मला आईने, काकूने आणि वसईच्या निम्म्या धर्मग्रामाने, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांनी, फोनवर सांगितलं. विद्यापीठाच्या प्रार्थना गटात एक अमेरिकन मैत्रीण होती, तिच्या बोटात शुद्धतेची अंगठी असायची. 1993 साली तिकडे सदर्न बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींनी 'ट्रू लव्ह वेट्स' ही लग्नापर्यंत शरीरसंबंध न ठेवण्याच्या प्रतिज्ञेची मोहीम सुरू केली. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर तरुणांनी सह्या केलेली दोन लाखांहून अधिक प्रतिज्ञापत्रं मांडली गेली. त्या मुलांचा प्रामाणिकपणा मोठा होता. पण तिला जे शिकवलं गेलं त्यात एक छुपा सौदा होता: तू स्वतःला जप, देव चांगला नवरा देईल. तिशी आली, नवरा आला नाही, आणि देवाने शब्द मोडला असं तिला वाटू लागलं. देवाने तसा शब्द दिलाच नव्हता. "जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य, कारण ते देवाला पाहतील." येशूने एवढंच सांगितलं आहे, त्यात लग्नाचा उल्लेख नाही.

तुमचं लग्न झालं नाही. का, ते तुम्ही मला त्याच रात्री सांगितलंत, आणि ते माझ्यापाशीच राहील. मात्र तुमच्या घरात मला कधी प्रतीक्षालयात बसल्यासारखं वाटलं नाही. तुमचं आयुष्य कशाची वाट पाहत थांबलेलं नाही, ते चालू आहे, भरलेलं आहे, दमवणारं आहे. माझं लग्न होईल की नाही, मला माहीत नाही. व्हावं असं वाटतं. पण नाही झालं तर माझं काय होईल, ही भीती तुम्हाला पाहून गेली.

मे महिन्यात तुम्ही आम्हा सगळ्यांना रीव्होला नेलंत. 1132 साली स्थापन झालेला, आठवा हेन्री राजा असताना मोडलेला, सिस्टर्शियन पंथाच्या संन्याशांचा मठ. आजारी पडलेला मठाधिपती संत एलरेड खोलीत पडून असायचा आणि वीस-वीस, तीस-तीस संन्यासी त्याच्या खाटेभोवती येऊन बोलत बसायचे, ही हकिकत त्याच्या शिष्याने लिहून ठेवली आहे. एका संन्याशाने दुसऱ्याचा हात हातात घेतला तर इतर मठाधिपती रागवायचे, एलरेड रागवत नसे. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेली ही माणसं, पण एकमेकांवरचं प्रेम लपवत नव्हती. ते ऐकून तो पोलिश मुलगा तुमच्याकडे पाहून म्हणाला, "म्हणजे तुमच्या रविवारासारखंच." तुम्ही लगेच सगळ्यांना सँडविच वाटायला घेतलेत.

मला निरोप पाठवणाऱ्या मुलींनो, तुम्हीही हे वाचत असाल. इथे यायच्या आधी चांगलं चर्च शोधा, पण त्याहून आधी कुणाच्या तरी घरचं टेबल शोधा. पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंपाशी आपल्या चुका कबूल करायला, जात राहा. मावशी मला शनिवारी गाडीने कॅथीड्रलला सोडतात आणि बाहेर थांबतात, काही विचारत नाहीत. तुमचं मत लवकर आणि साध्या शब्दांत सांगा, लोक वाटतं त्याहून जास्त आदर करतात. आणि घरात सोबत राहणाऱ्यांवर प्रेम करा. माझ्या त्या घरातल्या एकीच्या बाळाला पहिल्यांदा अंघोळ कशी घालायची, ते मावशींनीच जाऊन शिकवलं.

मावशी, पुढच्या आठवड्यात तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन. तो बरा होईपर्यंत रविवारचं जेवण माझ्याकडे, हे ठरलं आहे, वाद घालू नका. घडीच्या खुर्च्या पॅरिश हॉलमधून मागवल्यात. सप्टेंबरमध्ये विरारची एक मुलगी इथे शिकायला येते आहे, तिलाही सांगून ठेवलंय. तुमचं मोठं पातेलं आणि मसाल्याचा डबा शनिवारी न्यायला येते. सुकट घरी आहे, आईने पाठवली आहे.

तुमची,
वसईची मुलगी