दुहेरी बंधाची बाजू कशी राखावी: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. तुला हवा असलेला असंतृप्त एस्टर तू मिथाइल कीटोनपासून हॉर्नर-वॉड्सवर्थ-एमन्स अभिक्रियेने (फॉस्फोनेट वापरून कार्बोनिलच्या जागी दुहेरी बंध करण्याच्या पद्धतीने) करून पाहिलास आणि हाती ई (दुहेरी बंधावरचे अग्रक्रमाचे गट विरुद्ध बाजूंना) व झेड (ते एकाच बाजूला) या दोन्ही समघटकांचे मिश्रण आले, हे वाचून वाईट वाटले; आश्चर्य मात्र वाटले नाही. कीटोनच्या एका बाजूला मिथाइल आणि दुसऱ्या बाजूला साधी सरळ साखळी असली, की त्या दोन गटांच्या आकारातला फरक एवढा मोठा नसतो की अभिक्रियेने निःसंदिग्धपणे एकच बाजू निवडावी. म्हणूनच तू विचारलेल्या दुसऱ्या मार्गाविषयी, म्हणजे तांब्याच्या उत्प्रेरणाने अल्काइनोएट (तिहेरी बंध असलेल्या) एस्टरवर ग्रिग्नार्ड (सेंद्रिय मॅग्नेशियम) अभिक्रियाकारक जोडण्याविषयी, मला जे महत्त्वाचे वाटते ते सगळे आज लिहितो.

ग्रिग्नार्डने १९०० साली मांडलेला अभिक्रियाकारक एस्टरसमोर एकटा ठेवला, तर तो थेट कार्बोनिल गटावर जातो आणि दोनदा जोडला जाऊन तृतीयक अल्कोहोल देतो. खराश आणि टॉनी यांनी १९४१ मध्ये आयसोफोरोन या असंतृप्त कीटोनवर काम करताना दाखवले, की सुमारे एक मोल टक्का क्युप्रस क्लोराइड घातल्याने मिथाइल गट कार्बोनिलवर न जाता संयुग्मी जागेवर, म्हणजे कार्बोनिलपासून दुसऱ्या, बीटा कार्बनवर जातो. इतक्या थोड्या धातूने अभिक्रियेची दिशाच बदलावी, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. पुढे १९६९ मध्ये कोरी आणि कॅट्झेनेलेनबोगेन यांनी डायअल्किलक्युप्रेट (तांब्यावर दोन अल्किल गट असलेले संयुग) वापरून हीच कल्पना ॲसिटिलीनिक, म्हणजे तिहेरी बंधाच्या, एस्टरवर नेली, आणि त्याच वर्षी सिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही तेच दाखवून दिले. त्या वेळी कीटकांच्या ज्युव्हेनाइल हॉर्मोनचे संश्लेषण करण्याची धडपड चालू होती. त्या रेणूच्या दुहेरी बंधांची भूमिती बदलली की जैविक क्रियाही बदलते, त्यामुळे मिश्रणावर समाधान मानण्याची सोय कुणालाच नव्हती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तांबे आणि अल्किल गट हे दोघे तिहेरी बंधावर एकाच बाजूने जोडले जातात: अल्किल बीटा कार्बनवर, तांबे कार्बोनिलला लागून असलेल्या अल्फा कार्बनवर. नंतर प्रोटॉनने तांब्याची जागा घेतली, की नव्याने आलेला गट आणि हायड्रोजन एकाच बाजूला राहतात, आणि अल्काइनवर आधीपासून असलेला गट एस्टरच्या बाजूला राहतो. यातून एक फार सोयीची गोष्ट निघते. २-ब्युटिनोएटवर हेक्झिल ग्रिग्नार्ड जोडलास तर हेक्झिल साखळी एस्टरच्या विरुद्ध बाजूला जाते आणि ई समघटक मिळतो; २-नोनिनोएटवर मिथाइल ग्रिग्नार्ड जोडलास तर तीच साखळी एस्टरच्या बाजूला राहते आणि झेड समघटक मिळतो. दोन्ही वेळा अणूंची जोडणी तीच, भूमिती मात्र उलट. जेरानिऑल हवे की नेरॉल (एकाच अल्कोहोलचे ई व झेड समघटक), हा निर्णयसुद्धा याच पद्धतीने कागदावरच घेता येतो. म्हणून फ्लास्क हातात घेण्यापूर्वी कोणता गट अल्काइनमधून आणायचा आणि कोणता ग्रिग्नार्डमधून, हे नीट ठरव.

पण इथपर्यंतची गोष्ट पुस्तकात सापडते, आणि तुझ्या पत्रातून असे दिसते की एकदा जोडणी बरोबर झाली म्हणजे भूमितीची काळजी संपली, असे तू धरून चालला आहेस. माझे मत नेमके उलट आहे. जोडणी बहुतेक वेळा बरोबरच होते. भूमिती बिघडते ती त्यानंतर, प्रोटॉन मिळेपर्यंतच्या काळात. जोडणीनंतर तयार होणारे व्हिनाइल-कॉपर मध्यस्थ (दुहेरी बंधाच्या कार्बनवर तांबे असलेले) कमी तापमानाला आपला आकार टिकवून धरते, परंतु तापमान वाढले की धातू कार्बन सोडून एस्टरच्या ऑक्सिजनकडे सरकतो आणि ॲलेनोलेट (लागोपाठ दोन दुहेरी बंध असलेले रूप) तयार होते. ॲलेनोलेटमध्ये अल्फा कार्बन सरळ रेषेत असतो, त्यामुळे कोणता गट कोणत्या बाजूने आला याची खूणच उरत नाही. पुढे प्रोटॉन ज्या बाजूला गर्दी कमी त्या बाजूने येतो, आणि निवड पुन्हा गटांच्या आकारावर येऊन पडते, म्हणजे कीटोनच्या वेळी जी अडचण होती तीच परत समोर उभी राहते.

उत्प्रेरकी पद्धतीत ही जोखीम अधिक असते, आणि त्याचे कारण मला असे दिसते. उत्प्रेरणाचे चक्र चालू राहायचे तर तांब्याने व्हिनाइल गट सोडून ताज्या ग्रिग्नार्डकडे परतायला हवे. त्या अदलाबदलीत व्हिनाइल गट मॅग्नेशियमकडे जातो, आणि मॅग्नेशियमला ऑक्सिजनची ओढ तांब्यापेक्षा कितीतरी जास्त असल्याने ॲलेनोलेटची वाट मोकळी होते. तुझा पदार्थ मौल्यवान असेल आणि प्रमाण लहान असेल, तर काटकसर बाजूला ठेवून तांबे पूर्ण प्रमाणात घे. कॉपर ब्रोमाइडचे डायमिथाइल सल्फाइड संकुल शुद्ध मिळते आणि टीएचएफमध्ये (टेट्राहायड्रोफ्युरान या विद्रावकात) कॉपर आयोडाइडपेक्षा सहज वापरता येते. उत्प्रेरकी प्रमाणातच करायचे असेल, तर ग्रिग्नार्ड एकदम ओतू नकोस. तो थेंबाथेंबाने सोड, म्हणजे फ्लास्कमध्ये मोकळा ग्रिग्नार्ड साचणार नाही आणि कार्बोनिलवरचा हल्लाही टळेल.

विद्रावक म्हणून टीएचएफच घे आणि बाथ −७८ अंश सेल्सिअसवर ठेव. क्युप्रेट तयार करताना तापमान थोडे वर न्यावे लागते, पण मिश्रण काळे पडू लागले तर तांबे धातुरूपात सुटत आहे असे समज आणि ते मिश्रण पुढे नेऊ नकोस. लांब साखळीच्या अल्किल गटांत बीटा हायड्रोजन असतात, त्यामुळे असे क्युप्रेट मिथाइलच्या मानाने लवकर विघटित होतात. ग्रिग्नार्डची मात्रा बाटलीवरच्या लेबलवरून न धरता आदल्या दिवशी अनुमापन करून घे, कारण उरलेला जादा ग्रिग्नार्ड एस्टरला गाठल्याशिवाय राहत नाही.

आणि आता ती गोष्ट, जी बहुतेक कृतींत एका ओळीत उरकलेली असते. अभिक्रिया थांबवताना सवयीने आपण अमोनियम क्लोराइडचे संपृक्त जलीय द्रावण ओततो. −७८ अंशांवर ते पडताक्षणी गोठते, बर्फाचा खडा फ्लास्कच्या तळाशी बसतो आणि चुंबकीय दांडी अडकते. मग बाथ काढला जातो, मिश्रण तापू लागते, आणि बर्फ वितळून प्रोटॉन उपलब्ध होईपर्यंत मध्यस्थाला ॲलेनोलेट होण्यासाठी पुरेसा वेळ मिळालेला असतो. त्यापेक्षा मिथेनॉल घे. ते −९७ अंशांपर्यंत द्रव राहते. वेगळ्या फ्लास्कमध्ये त्याच बाथमध्ये थंड करून कॅन्युलाने (दोन फ्लास्क जोडणाऱ्या पोकळ सुईने) सोड, ढवळणे जोरात चालू ठेव, आणि काही मिनिटे थांबल्यावरच अमोनियम क्लोराइड घालून बाथ काढ. माझ्या मते तुझ्या ई-झेड प्रमाणावर तांब्याच्या क्षाराच्या निवडीइतकाच या पायरीचा परिणाम होईल.

जोडणी पूर्ण झाली का हे पाहण्यासाठी नमुना काढशील, तेव्हा तोही थंड मिथेनॉलमध्येच सोड. सुईमध्ये तापलेल्या थेंबाने दाखवलेले प्रमाण फ्लास्कमधले प्रमाण नसते.

कॉलम (क्रोमॅटोग्राफीने शुद्धीकरण) करण्यापूर्वी कच्च्या पदार्थाचा प्रोटॉन एनएमआर (हायड्रोजनचे परिसर दाखवणारा वर्णपट) अवश्य घे, कारण कॉलमवर समघटक थोडेफार वेगळे झाले की खरे प्रमाण कळत नाही. बीटा कार्बनवरचा मिथाइल गट एस्टरच्या बाजूला असेल तर तो सुमारे २.१५ पीपीएमवर दिसतो, विरुद्ध बाजूला असेल तर सुमारे १.९ वर. साखळीतला पहिला मिथिलीन गट एस्टरच्या बाजूला आला की तो २.६ च्या आसपास सरकतो, आणि तिथला अगदी लहान संकेतही झेड समघटकाचा पत्ता देतो. शंका उरली तर एनओई (कोणते प्रोटॉन अवकाशात जवळ आहेत हे दाखवणारी एनएमआर चाचणी) घे: झेडमध्ये व्हिनाइल प्रोटॉन आणि मिथाइल एकमेकांजवळ असतात, ई मध्ये नसतात.

तांबे पूर्ण प्रमाणात घेतलेस तर आणखी एक शक्यता खुली होते. प्रोटॉनऐवजी त्याच तापमानाला आयोडीन दिलेस, तर अल्फा कार्बनवर आयोडीन तांब्याच्याच जागी येते आणि त्यापासून पुढे चतुःप्रतिस्थापित दुहेरी बंधापर्यंत जाता येते. तुझ्या रेणूच्या पुढच्या टप्प्यात अल्फा जागी मिथाइल हवाच आहे, तेव्हा हा मार्ग मला अधिक जवळचा वाटतो. आधी थोड्या पदार्थावर मिथेनॉलची पद्धत करून बघ, कच्च्या मिश्रणाचा एनएमआर मला पाठव, मग आयोडीनचे प्रमाण किती घ्यायचे ते आपण मिळून ठरवू.

तुझाच,
जुना मित्र