फेलाची फिल्म बघून घाबरू नका

इकेजा, लेगोस, नायजेरिया
ऑक्टोबर

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

छकुलीनं तुम्हाला मोबाइलवर इथल्या फेला कुटी या गायकाची फिल्म दाखवली, हे तिनं सांगायच्या आधीच आईच्या आवाजावरून कळलं होतं. "तिकडं अजून मिलिटरी आहे का रे?" असं तू दोनदा विचारलंस आणि फोन कट झाला. मी कट केला नव्हता, रेंज गेली. आमच्यातले एक काका दिवाळीसाठी कोल्हापूरला निघालेत, म्हणून त्यांच्याजवळ हे सविस्तर पत्र देतोय. खोली, जेवण, जनरेटर, मलेरियाच्या गोळ्या हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ते परत लिहीत नाही. तब्येत चांगली आहे. वजन थोडं वाढलंय म्हटलं तरी चालेल.

आता फिल्मचं. तुम्ही बघितली ती 'म्युझिक इज द वेपन', १९८२ सालची, दोन फ्रेंच माणसांनी केलेली. त्यातलं लेगोस चाळीस वर्षांपूर्वीचं आहे. इथली लष्करी राजवट १९९९ सालीच संपली. आता मतदान होतं, निकालावर भांडणं होतात, आपल्यासारखंच. नुसत्या चड्डीवर बसून मुलाखत देणारा, तोंडात भलीमोठी गांजाची विडी असलेला माणूस बघून आईला माझी काळजी वाटली असेल, तर मी तसा बसत नाही, इतकंच सांगतो. आणि दर रविवारी 'श्राइन'ला जातो म्हणजे कुठल्या अड्ड्यावर जातो असं समजू नका. 'न्यू आफ्रिका श्राइन' हा मोठा हॉल आहे. फेलाच्या मुलांनी, फेमी आणि येनी यांनी, तो २००० साली सुरू केला. तिथं फेमी स्वतः वाजवतो. २०१८ साली फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन तिथं येऊन गेले. त्यांना चालतं, मग मला का चालू नये? या महिन्यात फेलाचा वाढदिवस असतो, १५ तारखेला, त्यामुळं आठवडाभर उत्सव आहे आणि रस्ते तुंबलेत. मी दहाच्या आत घरी असतो. बहुतेक वेळा.

बाबा, तुम्हाला हा माणूस आवडेल असं मला वाटतं. आजोबा शाहीर अमर शेखांच्या सभांबद्दल सांगायचे ना, तसाच हा. फक्त याचं एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं, आणि निम्मा वेळ नुसते सॅक्सोफोन-ट्रम्पेट आणि ड्रम. ड्रमवर टोनी ॲलन. आफ्रोबीट म्हणतात त्या संगीताची घडण या दोघांची. सैनिक हुकमाचे ताबेदार असतात, सांगितलं की वळतात, सांगितलं की मारतात, अशी टर उडवणारं 'झॉम्बी' त्यानं १९७६ साली काढलं. पुढच्या वर्षी, १८ फेब्रुवारी १९७७ ला, हजारभर सैनिक त्याच्या घरावर चालून आले. त्या घराला तो 'कलाकुटा रिपब्लिक' म्हणायचा, जणू स्वतंत्र देशच. घर जाळलं, माणसांना बेदम मारहाण केली, बायकांचे हाल केले. तो स्वतःवर 'द ब्लॅक प्रेसिडेंट' म्हणून सिनेमा काढत होता, त्याचा साउंडट्रॅकही त्या आगीत गेला. मग सरकारनं चौकशी केली आणि आग कुणा 'अज्ञात सैनिका'नं लावली असं ठरवलं. फेलानं त्या अज्ञात सैनिकावरही गाणं केलं!

मी बाकीच्याही फिल्म बघितल्या. अॅलेक्स गिब्नीची २०१४ सालची 'फाइंडिंग फेला' दोन तासांची आहे, माहिती भरपूर, पण मधेमधे त्याच्यावरच्या न्यूयॉर्कच्या नाटकाच्या तालमीच जास्त. ब्राझीलच्या जोएल झितो अराउजोची २०१९ सालची 'माय फ्रेंड फेला' त्याच्या चरित्रकाराच्या, कार्लोस मूरच्या, नजरेतून आहे, ती जास्त हळवी. मला तुम्ही बघितलेलीच आवडते. ती समजावून सांगत बसत नाही, माणूस समोर बसवते आणि बोलू देते. आई, तुला तोच नागडेपणा खटकला हे मला माहीत आहे.

तुझ्यासाठी मात्र वेगळीच आहे. २०२४ साली फेलाच्या आईवर सिनेमा आला, 'फुनमिलायो रॅन्सम-कुटी', बोलान्ले ऑस्टिन-पीटर्स या बाईंनी काढलेला. लॅबमधल्या सगळ्यांबरोबर थिएटरात बघितला. इथल्या अबेओकुटा शहरात बाजारातल्या बायकांवर कर लादला होता, तेव्हा या बाईंनी हजारो बायका रस्त्यावर आणल्या, आणि १९४९ साली तिथल्या राजाला गादी सोडून जावं लागलं. शिकलेली, इंग्लंडला जाऊन आलेली बाई, पण बाजारातल्या बायकांना परकं वाटू नये म्हणून तिनं गोऱ्यांचे कपडे टाकून त्यांच्यासारखं लुगडं नेसायला सुरुवात केली. १९७७ च्या त्या हल्ल्यात सैनिकांनी तिला वरच्या मजल्याच्या खिडकीतून फेकलं. शहात्तर वर्षांची होती. पुढच्या वर्षी गेली. मग फेलानं तिची शवपेटी थेट लष्करशहाच्या डोडन बॅरॅक्सच्या दारात नेऊन ठेवली. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी आलो नाही, हे थिएटरात उगाचच आठवत राहिलं. असो. आता जिना चढतेस ना नीट?

कपड्यावरून आठवलं. बाबा, इथं एक प्रकार आहे, त्याला अशो एबी म्हणतात. ज्यांच्या घरी लग्न, ते एक कापड ठरवतात, समजा निळी लेस. मग ते कापड मित्रमंडळी, ऑफिसातले, शेजारी यांना विकतात. हो, विकतात, फुकट नाही. आपण पैसे द्यायचे, कापड घ्यायचं, आपल्याच शिंप्याकडं टाकायचं, शिलाईही आपली. लग्नाच्या दिवशी तीन-चारशे माणसं एकाच कापडात, नवरीकडचे निळे, नवऱ्याकडचे केशरी, बायकांच्या डोक्याला ताठ फेटा, पुरुषांना टोपी. कापड घेतलं नाही तर कुणी हाकलत नाही, पण टेबल मागचं मिळतं आणि जेवण उशिरा येतं. घरचे थोडा नफाही काढतात, त्यातून मांडवाचा खर्च सुटतो. मयतालासुद्धा अशो एबी असतं, वयस्कर माणूस गेला तर! मी विचारलं, एकदा घातल्यावर या कापडाचं करायचं काय? लॅबमधली बाई माझ्याकडं बघतच राहिली, म्हणाली, कपाटात ठेवायचं, पुढं दुसऱ्या कुणाच्या लग्नाला तोच रंग निघाला तर. तुम्ही असता तर पन्हा किती, सूत कुठलं, भाव किती, सगळं विचारलं असतं. इचलकरंजीत कुणी असा धंदा का काढत नाही? लॅबमधल्या त्या बाईच्या बहिणीच्या लग्नासाठी मलाही सहा वार घ्यावं लागलं. जरा महाग पडलं, पण नाही म्हणता येत नव्हतं.

आता पैशांचं. बाबा, काकांजवळ रोख डॉलर पाठव म्हणालात, ते नको. १९८४ साली फेला बँड घेऊन अमेरिकेला निघाला होता. विमानतळावर त्याच्याजवळ सोळाशे पौंड सापडले, त्यावरून पाच वर्षांची शिक्षा ठोठावली. वीस महिने आत होता. त्याच्यामागं सरकार लागलं होतं हे खरं, माझ्यामागं कुणी नाही, तरी बँकेतूनच बरं. पण रक्कम ठरली होती त्यापेक्षा कमी येईल. २०२३ च्या मध्यापर्यंत डॉलरला साडेचारशेच्या आसपास नायरा, म्हणजे इथले रुपये, होते, वर्षभरात ते पंधराशेच्या घरात गेले, आणि माझा निम्मा पगार नायरात आहे. कापडाच्या पैशांमुळं कमी पडलं असं समजू नका. छकुलीच्या लग्नाच्या हॉलच्या ॲडव्हान्सपुरते या महिन्यात पाठवतो, केटररचे डिसेंबरात.

छकुलीच्या लग्नाला रजा मागितली आहे. साहेब 'बघू' म्हणालेत. हळदीला नाही जमलं तरी अक्षतांना येईन असं धरून चला.

आणि जयसिंगपूरच्या स्थळाचं, आई. फेलानं १९७८ साली एकाच दिवशी सत्तावीस बायकांशी लग्न केलं, आणि जेलमधून आल्यावर उरलेल्यांना सोडचिठ्ठी दिली. त्यापेक्षा मी बरा नाही का? रागावू नकोस. फोटो बघितला, मुलगी चांगली आहे. पण लेगोसला यायला तयार आहे का, हे त्यांनाच एकदा स्पष्ट विचारा. नसेल तर मला तसं कळवा, म्हणजे मीही काहीतरी ठरवतो.

तुमचा,
बाळू

ता. क. बाबा, सोनं आताच घेऊ नका, आणि एफडी तर अजिबात मोडू नका. आईच्या गुडघ्याचं बिल राहिलंय का, ते छकुलीकडून नाही, तुम्ही स्वतः लिहून कळवा.